गव्हाणचा गॅसचा भोंगा

९ मार्च २०२५

"गव्हाणच्या बायांनो, शाळेच्या दोनशे पोरांचं जेवण तुम्ही शिजवता, आणि गॅस गळला तर ओरडणारा साधा भोंगा तुम्हाला कुणी देत नाही! तीन अर्ज गेले. उत्तर नाही!" – फेब्रुवारीत मी अशी गरजले आणि भोंगे स्वतःच करून दिले. शाळेच्या स्वयंपाकघरात एक, गावातल्या घरांत चाळीस. काल महिला दिनाला त्याबद्दलच माझा सत्कार. नारळ, टाळ्या.

आज पनवेलच्या आमच्या दुकानात आम्ही भोंग्याच्या नव्या सहा बोर्डांत प्रोग्राम भरत होतो. एकातून धूर! माझा भागीदार झुबेर ओरडला, "ताई, प्लग काढा!" प्रोग्राम भरताना बोर्डाला वीज देणारी तांबडी वायर तीन व्होल्टच्या पिनेऐवजी शेजारच्या पाचवर. सकाळी टेबल पुसताना मीच काढून परत लावली होती. दोन बोर्ड मेले, चार जगले. सुटले म्हटलं.

१० मार्च

सुटले कसली! जगलेल्या चारही बोर्डांपाशी न पेटवता लायटरचा गॅस सोडला. हिरवा दिवा चालू. भोंगा गप्प. मीटर लावला. सेन्सर ठीक आहे, पण त्याचं ऐकणारा चिपचा पाय जळालाय. चिपला कायम शून्य दिसतं. शून्य म्हणजे गॅस नाही! आणि टेस्टचं बटण दाबलं की खणखणीत वाजतो. ते बटण फक्त आवाज तपासतं. तसं मीच ठेवलं.

मेलेला बोर्ड कळतो. हा कळत नाही.

"गव्हाणचे फेब्रुवारीतले," झुबेर म्हणाला. "त्यांना काय धाड भरलीय?" बरोबर आहे. वायर तर काल चुकली.

११ मार्च

बरोबर आहे, तर मग भामाला फोन का करवत नाही?

१२ मार्च

केला. भामा शाळेच्या स्वयंपाकघराची कारभारीण. "बाय, भोंगा झकास हाय! रोज सकाली बटन दाबला का कोंबऱ्यासारका वरडतो. आता वास घेत बसाची गरज नाय. वेणूचा नाक चोंदलाय, तरी तिलाच शेगडीवं बसवलाय!" ती हसली. मीही हसले. फोन ठेवला.

झुबेरला म्हटलं, उगाच गावाला घाबरवायचं कशाला? तो रोज्याने सुकलेल्या तोंडाने म्हणाला, "साहेबलोकांना स्टेजवरून विचारता ना, फाईल का दाबली? ही पण फाईलच आहे ताई."

इतकी पुस्तकं वाचली, इतकी व्यासपीठं गाजवली. आणि आज फाईल माझ्याच हाताखाली.

१३ मार्च, दुपार

गव्हाणला गेले. भामाला सगळ्या शेगड्या विझवायला लावल्या. भोंग्यापाशी लायटर न पेटवता धरला, गॅस सोडला.

हिरवा दिवा. गप्प.

भामा आधी भोंग्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

१३ मार्च, चार वाजता

मोबाईलमध्ये फेब्रुवारीतला फोटो सापडला – आमच्या पहिल्या बोर्डात प्रोग्राम भरतानाचा. तांबडी वायर तेव्हाही पाचवरच! म्हणजे रविवारी मी चुकले नव्हते. होती तशीच परत लावली होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस या एकाच वायरीवरून गेलेत.

संध्याकाळी होळीला सगळा गाव जमेल. माईक मागितलाय. भाषण नाही. एवढंच –

गव्हाणकरांनो, चूक माझी आहे. हिरवा दिवा दिसत असला तरी मी दिलेला भोंगा आत्ताच्या आत्ता घरी जाऊन भिंतीवरून उतरवा!