तोटी कोण सांभाळणार

बाबा, तुमच्या झिपारचा बिश्केकहून तुम्हा दोघांना सलाम.

आपली कल्पना स्पर्धेत निवडली गेली. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी नळाने उंच उडवून त्याचा बर्फाचा डोंगर करायचा आणि उन्हाळ्यात तो वितळला की ते पाणी मेंढ्यांना पाजायचं, यासाठी अनुदान मिळालंय.

परीक्षकांनी विचारलं, "गेल्या हिवाळ्यात डोंगर का झाला नाही?" मी खरं ते सांगितलं. पाणी रात्रभर नुसतं वाहताना माझ्या वडिलांना बघवेना. पाप लागेल म्हणून त्यांनी तोटी बंद केली आणि नळ गोठून फुटला. सगळे हसले. त्यांच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यंदा तोटी कोण सांभाळणार?"

"माझे वडीलच," मी म्हणाले. "पाण्याची एवढी काळजी दुसऱ्या कुणाला आहे?"

खोकला कसा आहे? विचारलं की आई "बराय" म्हणते आणि लगेच मेंढ्यांचं काढते. नारीनच्या दवाखान्यात जाऊन या ना. मेंढ्या दादा बघेल.

नवा नळ थंडीआधी येईल. या वेळी पाणी वाहू द्या, बाबा. मी तिथं फक्त तुमचं नाव दिलंय, दुसरं नाव माझ्याकडे नाही.

तुमच्या भरवशावर शब्द देऊन बसलेली,
झिपार