फुगवून चौऱ्याऐंशी

१ डिसेंबर, सोमवार. पहाटे ५.१०
डायरी सुरू. स्नेहलने आणून दिली. म्हणाली, दादा, रोजचा टायमिंग लिहीत जा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण आणि मला शिकवते. ती पण पोलीस भरतीलाच बसली आहे. मी तिचा कोच आहे.
माझी स्थिती: पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही. म्हणजे हीच. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मार्गासनीच्या स्टँडवर सगळ्यांना सांगून ठेवलंय की यंदा आमचा सोमनाथ वर्दीत दिसनार. गेल्या दोन वेळेलाही सांगितलं होतं.
सोळाशे मीटर: पाच चाळीस. पाच दहा पाहिजे. होऊन जाईल.
छाती न फुगवता एकोणऐंशी लागते, ती आहे. फुगवून चौऱ्याऐंशी लागते. माझी ब्याऐंशी. दोन सेंटीमीटरसाठी माणसाचं आयुष्य अडतं.
संकल्प: रोज पाचला उठणे. मोबाईल बंद. गुटखा बंद (खात नाही, तरी बंद).

७ डिसेंबर, रविवार
आज पळालो नाही. कॅम्पवर ड्युटी. शनिवार-रविवार नदीकाठी पुण्याच्या पोरापोरींना तंबू लावून देतो.
त्यांच्याकडे स्टीलच्या छोट्या नळ्यांची पेटी होती. तो गॅस फुग्यात घेतात, तोंडाने ओढतात आणि येड्यासारखे हसतात. माझ्याबरोबर काम करणारा धनाजी म्हणाला, दारू न्हाई, गांजा न्हाई, केकच्या क्रीमचा गॅस हाय, त्याला कोन काय म्हनतंय?
एक घेऊन पाहिला. कानात घूंऽऽ झालं, हसू आलं आणि भरतीचं टेन्शन गेलं. दोनच मिनिटं, पण पूर्ण गेलं. चार वर्षांत पहिल्यांदा.
मग डोक्यात प्रकाश पडला. फुगा ओढणे, सोडणे, ओढणे. हा छातीचाच व्यायाम आहे की! एकाही अकॅडमीत शिकवत नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार
चार फुगे. छाती साडेब्याऐंशी. सिद्ध झालं.
फक्त रविवारी घ्यायचं असं ठरवलंय. शिस्त पाहिजे.

२३ डिसेंबर, मंगळवार
रविवारच्या जोडीला मंगळवार आणि गुरुवार. व्यायामात खंड पडून चालत नाही. पाहुण्यांच्या उरलेल्या नळ्या धनाजी ठेवतो. जागा: सात नंबरचा तंबू. वेळ: दुपारी, कॅम्प रिकामा असताना.
आईने बॅग धुवायला काढली तर फुग्यांचं पाकीट सापडलं. ती म्हणाली, ह्ये कशाला रं? मी म्हणालो, सिलेक्शन झालं की दाराला लावायला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाकीट तिने देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलं. म्हणाली, त्याच दिवशी काढीन.
आता नवीन पाकीट आणावं लागणार.

१ जानेवारी, गुरुवार
नवीन वर्ष, नवीन सोमनाथ. फुगे आजपासून बंद. छाती त्र्याऐंशी झाली आहे, बाकीची आपोआप होईल.
रात्रीपासून पायाला मुंग्या. आई म्हणाली, पाय लोंबकळत सोडून मोबाईल बघतूस, मुंग्या न्हाई येनार तर काय. बरोबर आहे. मोबाईल बंद.

२ जानेवारी, शुक्रवार
अचानक बंद केलं तर शरीराला धक्का बसतो. हळूहळू कमी करणार. आज नऊ.

६ जानेवारी, मंगळवार
वेल्ह्याच्या रस्त्याने चालत घरी आलो. ओट्यावर पाय धुवायला गेलो तर उजव्या पायात चप्पल नाही. डावीच घालून आलो. कुठं सुटली, कळलंच नाही. चपलाच हल्ली हलक्या बनवतात. चायना.
सोळाशे: सहा वीस. समोरून वारा होता. जाताना पण आणि येताना पण.

१३ जानेवारी, मंगळवार
भावकीतल्या साळूबाई आजीचा दहावा. घाटावर सगळी भावकी उभी. कावळा शिवेना. एकेक जण हात जोडून म्हणतोय, आजी, तुझ्या शेरडांकडं बघू, पोतराजाचं राहिलेलं दान देऊ, काळजी करू नको. तरी शिवेना. मला हसू फुटलं. असं फुटलं की मी खालीच बसलो. आण्णांनी नुसतं बघितलं.
सकाळी तंबूवर जायला नको होतं. पण आजीचं दुःख मलाच जास्त झालं होतं, म्हणून गेलो होतो.


१८ जानेवारी, रविवार
वाईट दिवस. स्नेहल डबा घेऊन कॅम्पवर आली. सात नंबरच्या तंबूत माझ्या दोन्ही चपला, नव्या जोडाच्या, आणि भोवती रिकाम्या नळ्यांचा ढीग. मी तेव्हा नदीवर होतो. अनवाणी. मला वाटत होतं चप्पल पायात आहे.
ती ओरडली नाही. खडीवर उभी राहून विचारलं, दादा, तुला खडे टोचत न्हाईत का? मी म्हणालो, सराव आहे. ती रडायला लागली. मीही जोरात बोललो. कोच कोण आहे, तू का मी?
शेवटी ठरलं: डॉक्टरकडे जायचं, भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, होईपर्यंत आण्णांना सांगायचं नाही, आणि मी फुगा हातात घ्यायचा नाही. तिची शपथ घातली तिने. घेतली.

१९ जानेवारी, सोमवार
भोरला गेलो. नसरापूरला नको, तिथं सगळे आण्णांच्या ओळखीचे. डॉक्टर सौदामिनी मॅडम. त्यांनी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी त्यांच्या टेबलावर पडलो. दवाखान्याची फरशी उताराची आहे.
म्हणाल्या, बी ट्वेल्व फार कमी वाटतंय, रक्त तपासा, इंजेक्शनं आजपासून घ्या. मांसाहार करता का? मी म्हणालो, आण्णांना माळ आहे, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांना वाटलं कारण सापडलं. तरी विचारलं, कसली नशा वगैरे? मी म्हणालो, मॅडम, मी पोलीस भरती करतोय. खरंच बोललो. क्रीमचा गॅस म्हणजे काही नशा नाही.
स्नेहल शेजारी बसली होती. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार
चार इंजेक्शनं. मुंग्या कमी वाटतात. म्हणजे बरा झालो. बरा झाल्यामुळे तीन घेतले. शपथ मोडली असं नाही, फुगा धनाजीने धरला होता.

२ फेब्रुवारी, सोमवार
मुंग्या पुन्हा आल्या, आता कमरेपर्यंत बधिर. पेन धरल्याचं बोटांना कळत नाही, बघावं लागतं. शर्टाची बटणं आईने लावली. म्हणाली, थंडी लई हाय.
भीती वाटते. हे वाक्य खोडायचं आहे.
नाही खोडत. लई भीती वाटते. कुणाला सांगू? ज्याला सांगेन तो ग्राउंडला जाऊ देणार नाही. ग्राउंड झालं की सगळं सांगणार. नऊच दिवस.

११ फेब्रुवारी, बुधवार. पुणे, ग्राउंड
पहाटे बुटाच्या नाड्या स्नेहलने बांधल्या. तिचं ग्राउंड पुढच्या आठवड्यात, ती माझ्यासाठी आली. म्हणाली, दादा, अजून घरी जाता येईल. मी म्हणालो, गप.
आधी छाती. साहेबांनी टेप लावला. न फुगवता ऐंशी. मग म्हणाले, फुगव. फुगवली. पंच्याऐंशी! साहेब म्हणाले, शाब्बास. चार वर्षांत मला ग्राउंडवर कुणी शाब्बास म्हणालं नव्हतं.
मग सोळाशे. खाली बघितल्याशिवाय पाय कुठं पडतोय ते कळत नव्हतं. म्हणून खाली बघून पळालो. दुसऱ्या फेरीत पडलो. तिसऱ्या फेरीत दोनदा पडलो. एक हवालदार म्हणाला, बाळा, बस कर. मी बस केलं नाही. नऊ मिनिटं. शेवटून पहिला.
गेटबाहेर आण्णा सकाळपासून उन्हात उभे. विचारलं, काय झालं रं? मी म्हणालो, छाती पंच्याऐंशी भरली. त्यांनी माझ्या फुटलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. दंडाला धरून एसटीपर्यंत नेलं.

१७ एप्रिल, शुक्रवार
मध्ये लिहिलं नाही. डायरी सापडत नव्हती. खरं म्हणजे अक्षर लागत नव्हतं.
डॉक्टर मॅडमना शेवटी स्नेहलनेच सांगितलं. मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, तो गॅस बी ट्वेल्वच मारून टाकतो, चालू असेल तर इंजेक्शनं नुसती वाया जातात, पहिल्याच दिवशी बोलला असता तर... पाय येतील, पण किती येतील सांगता येत नाही. सध्या काठी.
आज यादी लागली. स्नेहलचं नाव आहे.
आईने देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून पाकीट काढलं. तुझेच हायेत, म्हणाली, बहिणीसाठी दाराला लाव. आण्णा म्हणाले, त्येची छाती चांगली हाय, त्योच फुगवंल. चिडून नाही, सरळच म्हणाले. आता त्यांना सगळं माहीत आहे.
ओट्यावर बसून फुगवला. एका दमात टम्म. पण गाठ बसेना. बोटांत तोंड धरलंय का सुटलंय तेच कळेना. फुगा सुर्रकन सुटला, आईच्या डोक्यावरून गेला आणि चुलीमागं पडला. दुसराही सुटला. तिसरा आण्णांच्या टोपीला लागला. आई हसली, शेजारच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही.
मग स्नेहल शेजारी येऊन बसली. मी फुगवायचा, तिच्या हातात द्यायचा, ती गाठ मारायची.
अठरा फुगे झाले. दाराला लावलेत.