जे जे दुखतं

३ फेब्रुवारी
पोहोचले. आखातातल्या अमवाज बेटांवरचं रिकव्हरी सेंटर म्हणजे समुद्राला लागून एक पांढरा व्हिला. मी इथली नवी फिजिओथेरपिस्ट. खोली वरची, हवेशीर. ड्रायव्हर गुंडू कुडाळकडचा. विमानतळापासून बोलतच होता. इथे सगळं मिळतं, म्हणाला, तिरफळं तेवढी घरून आणायची. प्रोबेशन संपलं की फॅमिली व्हिसा. मग जूनमध्ये आईकडे ठेवलेली लेक, श्रावस्ती येईल. तिला फोनवर समुद्र दाखवला. तिने विचारलं, यात मगर आहे का. फोन ठेवल्यावर छातीत दुखत राहिलं, नेहमीसारखं.

८ फेब्रुवारी
दुपारी पेशंट खालच्या हॉलमध्ये झोपतात. तिथे संगमरवरी पुतळा आहे. अस्क्लेपिअस, ग्रीकांचा बरं करणारा देव. हातात काठी, काठीला साप. पूर्वी आजारी माणसं त्याच्या देवळात झोपत. तो स्वप्नात येऊन बरं करी. बरा झालेला माणूस कोंबडा वाही. सेंटरच्या मॅडमनी हे पडद्यांच्या कापडाबद्दल सांगावं तसं सांगितलं. माझा उजवा खांदा अकोल्यापासून दुखतो आहे. त्यांना कळलं तर प्रोबेशन गेलं.

१२ फेब्रुवारी
जेवून हॉलमध्ये जरा पडले. स्वप्नात साप खांद्यावरून थंड जीभ फिरवत गेला. उठले तर खांदा मोकळा. गुंडूला गंमत म्हणून सांगितलं. तो गंभीर झाला. सीमाताई, मगे कोंबो देवक होयो, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्यात नवस नसतो.

१४ फेब्रुवारी
गुंडूने परस्पर देऊन टाकला. जवळच्या हिद्द गावाहून कोंबडा आणला, कुंपणामागे माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. हिका जां जां दुखतां, तां सगळां घेवन जा, म्हाराजा. गाऱ्हाण्याला होय म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून होयही त्यानेच म्हटलं. ग्रीक देवाला मालवणी कळतं का, मी विचारलं. कोंबो कळता, म्हणाला. रस्सा चांगला झाला होता.

१९ फेब्रुवारी
नवऱ्याचा, उज्ज्वलचा स्मृतिदिन. तो गेल्यापासून या दिवशी मला घास उतरत नाही. आज दोनदा वाढून घेतलं.

२३ फेब्रुवारी
शेकाच्या गरम पिशवीने तळहात भाजला. वास आल्यावर कळलं.

२६ फेब्रुवारी
श्रावस्ती फोनवर रडली. आई म्हणाली, तुला काही वाटतं की नाही. मी विचार केला. नाही. फोन ठेवला. छाती शांत.

१ मार्च
हॉलमध्ये झोपणं बंद केलं. तरी साप वरच्या खोलीत येतो. जीभ आता छातीवर.

४ मार्च
गुंडूने विचारलं, चेडू कसां आसा. मी म्हटलं, कुणाची मुलगी. तो हसला. मग हसला नाही. दुसरा कोंबडा आणायला निघाला, दारातच थांबला. नेलेलं दुखणं परत मागायचं गाऱ्हाणं त्याच्या आजानेही कधी घातलं नव्हतं, म्हणाला.

६ मार्च
फोनवर एक लहान मुलगी. पुढचे दात पडलेले. मला मम्मी म्हणते — गुंडू शेजारी बसून तिचं नाव पुन्हापुन्हा म्हणतो. मी त्याच्यामागून म्हणते. तो खोलीतून गेला की नाव —

७ मार्च
डोळे मिटायचे नाहीत. जून — कुणीतरी यायचं आहे. मगर आहे का विचारणारी —

छातीत कळ आली. आली. बरी आहे, राहू दे — तोवर नाव लिहिते, श्रा

थंड

तिचं