वरच्या खोलीचं दार

मी, शशिधर वामन टिपणीस, वय बहात्तर, तुरुंगाचा निवृत्त डेप्युटी गव्हर्नर आणि पडलेला कौन्सिलर, राहणार मेडनहेड, हे मृत्युपत्र राजीखुशीनं स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्यानं यावं. चौथीच्या कविता चालीसकट म्हणून दाखवीन. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द. सॉलिसिटरांनी हवं तर भाषांतर करून घ्यावं.

कलम १. कवितांची पुस्तकं मुलगी शिल्पा हिला, एडिनबऱ्याला पाठवावीत. त्यातल्या कविता तिनं मोठ्यानं म्हणाव्यात. संगमेश्वरच्या शाळेत मास्तर पट्टीनं ताल धरत आणि अख्खा वर्ग डोलू लागे. त्याच चालीवर मी पुढे तुरुंगाचे जिने चढलो, साध्या कारकुनापासून डेप्युटी गव्हर्नरपर्यंत.

कलम २. कुंपण कापायची कात्री शेजारच्या मिसेस व्हिटलॉकना. सुटलेल्या कैद्यांसाठी आमच्या रस्त्यावर हॉस्टेल व्हावं, असं मी कौन्सिलमध्ये बोललो, तर यांनी घरोघर फिरून मला निवडणुकीत पाडलं. शिवाय मधलं झुडपांचं कुंपण उंच वाढवायला लावलं. आता त्यांनीच ते कापावं. पुन्हा उभा राहिलो तर मी तेच बोलेन.

कलम ३. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी.

कलम ४. राहतं घर मुलगा हरीश याला. मात्र वरची मागची खोली डेनिसची, तो हयात असेपर्यंत. किल्ली त्याच्याचकडे राहील. हरीशनं दार वाजवावं, उत्तराची वाट पाहावी, मगच आत जावं.

याचं कारण. कोठडीच्या दाराला आतून मूठ नसते. मी मात्र किल्ली लावण्याआधी टकटक करून विचारायचो, "येऊ का?" आमच्या घरची रीत, दुसरं काय! पहारेकरी मला मिस्टर नॉक-नॉक म्हणत. जन्मठेपेचा डेनिस वर्षानुवर्षं उत्तरच देत नसे. एके सकाळी आतून आवाज आला, "आज नको, सर."

मी मागे वळलो. चीफ ऑफिसर हसत सुटला. "सर, कैद्यानं तुम्हाला दारातून हाकललं!"

"समजा, घरी नाहीत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डेनिस म्हणाला, "या आत." त्यानं केलं ते त्यानं भोगलं, इथे लिहिणार नाही. हॉस्टेल झालं नाही, म्हणून सुटल्यावर मी त्याला घरी आणलं.

कलम ५. हरीशनं कलम ४ मोडल्यास घर शिल्पाला जावं.

येथवरचा मसुदा हरीशनं आज वाचला.

"बाबा, सीरियसली? माझ्याच घरात मी नॉक करायचं? आणि नाही केलं तर घर शिल्पाचं?"

"वाचता येतं की तुला."

"मी आत्ताच जाऊन त्याच्याशी बोलतो."

तो तणतणत जिना चढला. मी खाली कान लावून बसलो. पावलं थांबली. मग टकटक.

"डेनिस, मे आय?"

"आज नको, हरीश."

तो खाली आला, केटल लावली, म्हणाला, "घरी नाहीत."

सबब कलम ५ मी खोडले आहे. साक्षीदारांनी तिथे समासात सही करावी. डेनिसची सही घेऊ नये; लाभार्थी साक्षीदार झाला तर त्याची खोली जाईल.

शशिधर वामन टिपणीस

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली:
मोहन श्रीपाद आजरेकर, ब्रॅकनेल
सुप्रभा मोहन आजरेकर, ब्रॅकनेल

मेडनहेड, १७ ऑक्टोबर १९९३