दुसरी चावी

४ जानेवारी १९६९, शनिवार

रातभर झोपली नाही. काल गाडीच्या हप्त्यावाल्या कंपनीचा मानूस येऊन गेला म्हनून.

लय चांगला मानूस! त्याचंच तर भेव वाटते. पांढरे कपडे, गोड बोलनं. चहा पेला. आमच्या बेबीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हने, "ताई, काई काळजी करू नोका, तुमचे हप्ते टायमावर हेत. मी फकत गाडी पाहाले आलो." मंग खिशातून चावी काढली. आमच्याच गाडीची! आमच्या चावीसारखी चावी. अंगनात जाऊन कुलपात घातली, दार उघडलं, आत वाकून पाह्यलं, दार लावलं. "एक चावी तुमच्यापाशी, एक आमच्यापाशी. शेवटच्या हप्त्यापर्यंत असंच असते."

हे म्हनतात, "अवं, सगळ्याईचंच असं असते. कागदावर नाव कंपनीचं, एक चावी कंपनीची. हप्ते फिटले का सगळं आपलं."

मले माहीतच नोहतं. दोन वर्षं झाले गाडी दारात येऊन, अन् दोन वर्षं मी खुशाल घोरून राह्यली! काल मातर कुत्रं भुकलं का उठून बसली. आपल्या गाडीची चावी अकोल्याले कोनाच्या तरी टेबलाच्या खनात पडली आहे. कोनी बी येईन, घेऊन जाईन. आपन झोपेतच.

ही डायरी बी कंपनीनंच देल्ली. पयल्या पानावर लक्ष्मी आहे. चौथी शिकली मी, लिहाले येते. भेव सांगाव कोनाले? अठीच लिहितो.

५ जानेवारी

याईले सांगतलं, मले झोप येत नाही. आधी लय हासले. मंग माह्याकडं पाह्यलं अन् हासनं बंद केलं. मले आठवा महिना लागला आहे नं.

गाडीचं बोनट उघडलं. आतून एक काळी वस्तू काढली, खारकेएवढी, वर पितळेची पट्टी. माह्या हातात देल्ली. "हा रोटर. हा नसला त चावी असो का चाव्याईचा जुडगा, गाडी जाग्यावरून हालत नाही. रोज सांजच्याले काढून देत जाईन. तू ठेव."

हातावर घेतला त गरमच होता. तिचं काळीजच जसं.

रातच्याले झोपली. थोडी.

६ जानेवारी

रोटर पिठाच्या डब्यात.

७ जानेवारी

आज तुरीच्या डाळीत. पिठाच्या डब्यातून काढला त पांढरा झाला होता. हे म्हने, "पोळ्या करते का याच्या?"

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू झालं. आळीतल्या सगळ्या आल्या. अंबूबाई सगळ्याईच्या आधी. अंबूबाई म्हनजे शेजारची म्हातारी, माही चुलतसासू. घरात सासू नाही, तेच सगळं पाहाते. सगळ्याईले कुंकू लावून झालं अन् अंबूबाई करंडा घेऊन अंगनात गेली, गाडीच्या तोंडाले मोठ्ठं बोट लावलं. तिळगूळ ठेवला वर.

कौशल्याबाई लगेच म्हने, "काय वं, इचा मालक अकोल्याले राह्यते अन् कुंकू अठी देऊळघाटात लावते!"

सगळ्या हासल्या. मी बी हासली. पन लागलं.

अंबूबाई म्हने, "जो चारतो-धुतो तो मालक. चला, बसा सगळ्या, तुळशीराम चक्कर मारून आनते." याईनं गाडी काढली, अकरा बाया बसलो! बेबी माह्या मांडीवर, तिच्या हाती सगळे तिळगूळ. शेतापर्यंत गेलो अन् आलो. कौशल्याबाई उतराले तयारच नाही. मी म्हनलं, "उतर, मालक अकोल्याहून येईन!" मंग सगळ्यात जास्त मीच हासली.

लय चांगला दिस गेला. रोटर तांदळात.

२० जानेवारी

आज दादाची याद आली.

माय-बाप लवकर गेले, दादानंच मले वाढवलं. हे अक्षर बी त्यानंच शिकवलं. बुलढाण्याले त्याचं पंपाचं दुकान आहे, फोन आहे. बेबी झाली ते बी त्याच्याच घरी. ती आडवी होती पोटात. दादाच्या घरून दवाखाना जवळ, म्हनून दोघी वाचलो. डाक्टरीनबाईनं तवाच सांगतलं, दुसऱ्या येळेस घरी थांबू नको, कळ आली का दवाखान्यात ये.

दादाची जीप आहे. मिलिटरीच्या लिलावात घेतली, रोख. म्हनते, "जे घ्याव ते पुरं पैसे मोजून. नाही त पायी चालाव." हे म्हनतात, "तुह्या दादाची जीप पुरी त्याची आहे, धक्का मारनारे मातर अख्ख्या गावाचे!"

अन् दादा तरी काय कमी! याईनं आठ वर्षं एका शेटची गाडी चालवली. आपली घेतली त्या दिशी पेढे घेऊन दादाकडं गेले. दादानं पेढा हातात धरला अन् म्हने, "आठ वर्षं शेटची चालवली, आता कंपनीची चालवतो. तुळशीराम, तुही कोनती रे?" पेढा तसाच खाली ठेवला.

मंग मले म्हने, "कोके, कागद तुमच्या नावावर होत नाही तवर मी त्या गाडीत बसनार नाही. अन् ते दारात उभी आहे तवर तुह्या घरी पानी पेनार नाही."

नाहीच आला. दोन वर्षं. भाऊबीजेले मीच येष्टीनं जातो. साडी देते, बेबीले खांद्यावर घेते, स्टँडवर सोडाले येते. देऊळघाटाचं नाव काढलं का येष्टी कवा आहे ते इचारते.

यंदा बाळंतपनाले त्यानं बलावलं होतं. हे नाही म्हने. "गाडी दारात असताना माही बायको दुसऱ्याच्या दारी काऊन जाईन? कळ आली का वीस मिंटात दवाखान्यात नेतो." खरं आहे. गाडी दारात दिसली का जीवाले धीर येते. अन् तिच्याचपायी झोप जाते. काय करू?

तीन हप्ते राह्यले.

१ फेब्रुवारी

आज लय मोठी फजिती!

पाटलाच्या घरच्या लग्नाची सवारी होती. नवरदेव दारात उभा, मुंडावळ्या बांधून. हे म्हने, "दे रोटर." मी तांदळात हात घातला. नाही! डाळीत नाही, पिठात नाही, मिठाच्या बरनीत नाही. रोज जागा बदलतो नं मी, कालची इसरलीच. सगळं घर उलथंपालथं. बाहेर वाजंत्री वाजून राह्यली. नवरदेवाचा बाप म्हने, "तुळशीराम, गाडी चालवतो का आम्ही ओढत नेऊ?"

बेबी झोक्यात बसून काहीतरी चोखून राह्यली होती. पाह्यतो त रोटर!

याईनं धोतरानं पुसला अन् पळाले. मी दारामागं लपली. वाटलं, आता आल्यावर बोलनी बसते. आले त हातात जिलेबीची पुडी. म्हने, "गाडी आज लय गोड चालली, बेबीच्या लाळेनं."

मंग जवळ बसून म्हने, "पन जागा सांगत जाय बाई. एखाद्या दिशी मी नसलो त?"

मी म्हनलं, तुमाले सांगतली का तुम्ही चार लोकाईत बोलसान. त्यापक्षा डायरीत लिहितो. लिहिलं का इसरत नाही.

आज मसाल्याच्या डब्यात. हळदीखाली.

१० फेब्रुवारी

तो पांढऱ्या कपड्याचा पुन्हा आला. मले वाटलं गाडी नेते. पन तो द्यालेच आला होता! म्हने, "तुळशीरामभाऊ, तुमचा व्यवहार चोख. हे जुनी आमाले द्या, नवी घेऊन जा. हप्ता तेवढाच, पुढं चालू."

तो गेला तसे हे आभाळात! जेवता जेवता बोलनं त्याचंच. "अवं नवी! कोरी! सीटवर कागद असते, फाडाले बी जीव होत नाही!"

मी म्हनलं, "अन् चावी?"

"दोन भेटतात."

"आपल्यापाशी किती?"

भाकरीचा तुकडा मोडत राह्यले.

"किती वर्षं?"

"चार."

"मंग मी चार वर्षं जागीच राहू?"

११ फेब्रुवारी

रोटर मी मागितला नाही, याईनं आपल्याच हातानं आनून देल्ला. वाईट वाटलं. मानूस आठ वर्षं दुसऱ्याची धुते-पुसते, त्याले कोरी गाडी हाती येऊन राह्यली, अन् मी आडवी पडली. म्हनाव का, घ्या? तोंडापर्यंत आलं. नाही म्हनलं.

रोटर खुंटीवरच्या पिशवीत.

१२ फेब्रुवारी

सकाळी गाडी धूत होते. मी चहा नेला. माह्याकडं न पाह्यता म्हने, "इचा हॉर्न लय चांगला आहे. नवीचा कसा असते कोन जाने."

मी चहा देल्ला अन् आत आली. चुलीजवळ बसून रडली. धूर होता म्हनून कोनाले समजलं नाही.

१३ फेब्रुवारी

झोपली. बेबीनं उठवलं तवा ऊन अंगनात आलं होतं.

२६ फेब्रुवारी

एकच हप्ता राह्यला.

रातच्याले जेवन झाल्यावर मी इचारलं, आपली झाली म्हनजे काय बदलन? गाडी तर तशीच चालन, तेल तेवढंच पेईन. याईनं सुपारी कातरून तोंडात टाकली. मंग म्हने, "मी रस्त्यानं जातो नं, कोनी हात दाखवला का थांबतो, इचारतात कोनाची गाडी? मी म्हनतो, आपलीच आहे. अन् म्हनलं का घशात थोडं अटकते. ते अटकनार नाही."

माह्यासारखंच होतं त याईचं बी! मले वाटलं मीच एकटी भेकड.

पेंटरले बी सांगून ठेवलं. मागच्या काचेवर नाव टाकाचं. मी म्हनलं बेबीचं टाका. म्हने, दुसरं येऊन राह्यलं त्याले राग येईन. मंग ठरलं, दोघाईचं टाकू. जागा सोडून ठेवाची.

३ मार्च, होळी

पुरनपोळी केली. अंबूबाईनं पाच खाल्ल्या अन् म्हने भूक नाही. नर्सबाई येऊन पाहून गेल्या, पाडव्याच्या मांगंपुढं म्हने. बाळ सरळ आहे का आडवं, ते दवाखान्यातच समजन.

दादाले कारड टाकलं. "कागद होऊन राह्यला. पाडव्याले जेवाले ये." त्याचं उत्तर आलं नाही. येईन.

९ मार्च, रविवार

उद्या हे अकोल्याले जाऊन राह्यले. शेवटचा हप्ता भराचा, कागद आनाचा, दुसरी चावी आनाची.

मी म्हनलं, गाडीनंच जा नं, लवकर येसान. म्हने, "वेडी झाली का? गाडी त्याईच्या दारात नेली अन् त्याईनं काही खुसपट काढलं त? तठीच अटकून बसन. गाडी अठीच बरी, तुह्या पदराखाली. मी पयल्या येष्टीनं जातो, शेवटच्या येष्टीनं येतो."

मले बी तेच बरं वाटलं. खरं सांगतो, मीच घाबरून दोनदा म्हनलं, हो, गाडी नोका नेऊ.

सांजच्याले याईनं बोनट उघडलं. रोटर माह्या हातावर ठेवला. म्हने, "शेवटचा दिस. उद्यापासून लपवाचं काम नाही." मले थोडं कसंसंच वाटलं. सवय झाली होती नं त्याची. रोज सांजच्याले हातात गरम गरम यायचा.

आज सगळ्यात चांगल्या जागी ठेवला. येनाऱ्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळून, पेटीत खाली. तठी कोन पाहाते!

उद्या रातच्याले दोन्ही चाव्या एका कडीत घालीन. बस. आता झोपतो. खरंच झोप येऊन राह्यली.

१० मार्च, सोमवार, दुपार

पोस्टमास्तर साहेब, नाही त जो कोनी वाचन त्याले —

अंबूबाईले वाचता येत नाही, अर्धं सांगते अर्धं इसरते, म्हनून तिच्या हाती डायरीच पोस्टातल्या फोनपाशी धाडली. मांगचे पानं वाचू नोका. मले कळा सुरू झाल्या. हे अकोल्याले आहेत. बुलढाण्याची येष्टी चार वाजता, मले तेवढा दम निघत नाही. बाळ आडवं आहे, मले समजून राह्यलं. गाडी दारात उभी आहे अन् चालवनारं कोनी नाही.

बुलढाणा, नंबर शहान्नव. भगवानराव, पंपाचं दुकान. त्याले म्हना, कोकीनं बलावलं. जीप चालू झाली त जीपीनं ये, नाही झाली त कोनाची बी सायकल घे. रोटर बाळाच्या दुपट्यात आहे, पेटीत. दुपटं बी गाडीत घे. चावी खुंटीले आहे, आमचीवाली. कागद आपला झाला का नाही, मले माहीत नाही. हे तठी उभे असतीन आता. तसाच बसून तूच चालव म्हना. पानी नको पेऊ, पन गाडीत बस म्हना.

हात जोडतो. माह्या भाऊले फोन करा.