शिरली म्हणजे सोसली नव्हे

३ ऑक्टो.
हाफ डे टाकून सूर्यमाळला, दादाकडे. डुकरांनी खालची नाचणी पार लोळवलीय. दादा बाबांची रायफल पुसत बसलेला. एकबारी, बाबांच्याही आधीची, पीक राखायचा परवाना. गेल्या महिन्यात मीच त्याला नाशिकला नेऊन दहा काडतुसांची डबी घेऊन दिली. त्यातलं एक उडवलं म्हणे. "बार झाला का बार! पल्याडच्या पाड्यावर आयकू गेला." रिकामं काडतूस पाहिलं. बुडाशी फुगलेलं, कडेला चीर. म्हटलं, हे काय? "आरं, गोळी शिरली ना सरळ? मंग आपल्याच बंदुकीची हाय."
खिशात घालून आणलं.

६ ऑक्टो.
नाशिक. बंदुकीच्या मिस्त्रींना काडतूस दिलं, रायफलचे फोटो दाखवले. चष्मा काढून बघतच राहिले. "काडतुसावरचा आकडा तोच, माप तेच. पण आतली दारू आजची, तेज. रायफल काळ्या दारूच्या जमान्यातली. नळीमागचा ठोकळा एकदा सोसेल, दोनदा सोसेल. मग मागे उडेल."
मागे दादाचा उजवा डोळा असतो.
दुकानात मी रुबाबात नुसता आकडा सांगितला. रायफल कोणत्या काळातली, दुकानदाराने विचारलं नाही, मी बोललो नाही. गाढव आहे मी, दुसरं काय!

९ ऑक्टो.
परत सूर्यमाळ. दादाशी कडाक्याचं भांडण. "तू हापिसात बसतोस. डुकरं माझ्याकडं येतात." खरं आहे. त्यात परवा कापणी. कापणीच्या सकाळी थोरल्याने बांधावरून पहिला बार काढायचा, बाबांची रीत. म्हटलं, सुतळी बॉम्ब लाव. असं बघितलं माझ्याकडे! शेवटी वहिनीच चुलीपासून ओरडली, "रीत घाला चुलीत! डोळा ऱ्हाऊ द्या." दादा उठला, परवाना नि डबी माझ्या मांडीवर टाकली. "ने. झोपशील तरी."
इतक्या सहज? पण बरं वाटलं. रडूच येत होतं.

१० ऑक्टो., संध्याकाळ
उद्या डबी दुकानात परत करायची म्हणून आत्ता उघडली. नऊ हवीत. आठच आहेत. तीनदा मोजली.
दादाचा फोन लागत नाही. वर रेंज कुठली!
उद्या कापणी, बार उजाडताच. शेवटची एसटी गेली. मोटरसायकल काढतोय. हिला म्हटलं, दादाकडे कापणीला जातो.
"मग रात्रीचं कशाला?" म्हणाली.