जाड लाटलेला पापड

आई, मामंजी गेल्यावर आम्ही तुम्हाला पेणहून रोह्याजवळच्या अष्टमी गावात आमच्या घरी आणलं, आणि मी फार चांगली सून व्हायला गेले. तुम्हाला कशाला हात लावू दिला नाही. भाजी मी निवडायची, ताटसुद्धा पुढ्यात आणून ठेवायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलात. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. विचारलं की, "माझं काय दुखत नाय गो," एवढंच. तुम्ही अशाच हळूहळू संपून जाल, या भीतीने मला घास जात नसे.

पेणला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी गोळ्या मागितल्या. त्यांनी आधी तुमच्या एकटीशी बऱ्याच गप्पा मारल्या, मग मला म्हणाले, "दुखणं मनाचं आहे, पण अजून हलकं आहे. गोळ्यांची घाई नको. रोज चालवा, बायकांत बसवा, आणि त्यांचं काम त्यांना परत द्या. महिन्याभराने पुन्हा आणा, बघू." मला रागच आला. एवढं ऐकायला एसटीचे धक्के खाल्ले होते का! पण मी हट्टी. रोज संध्याकाळी तुम्हाला नदीच्या पुलावरून रोह्याकडे चालवत न्यायची, आणि तुम्ही रुसलेल्या विहिणीसारख्या मागून यायचात.

उन्हाळा लागला. आळीतल्या बायका एकेकीच्या ओटीवर पापड लाटायला जमू लागल्या. त्या दिवशी पाळी शेजारच्या भाभीची. तिच्या नवऱ्याचा सौदीहून फोन आमच्याच घरी यायचा, त्या वर्षी नुकताच बसवला होता. ती तुम्हाला हाताला धरून घेऊन गेली. कितीतरी वेळ तुम्ही नुसत्या बसून. मग मी लाटलेला पोह्याचा पापड तुम्ही उचलून उजेडात धरलात. "ह्याला पापड म्हणतात व्हय? भाकरी केलीस! सरक, दे ते लाटणं." चार बायकांत माझी शोभा झाली, आणि मी धावत घरी जाऊन ह्यांना सांगितलं, "अहो, आई मला रागावल्या!" लगेच सगळं सुधारलं असं नाही, पडून राहायचे दिवस अधूनमधून आलेच. पण भाभीबरोबर पुलावर जायला तुम्ही आपणहून चपला घालायला लागलात, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला.

हे पत्र माझ्याकडेच राहणार, म्हणून सांगते. पुढे दर उन्हाळ्यात मी एखादा पापड मुद्दाम जाड लाटायची. तुम्ही कडाडलात की माझा जीव भांड्यात पडायचा. शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही तो हातात घेतलात, उलटापालटा करून बघितलात आणि म्हणालात, "चांगला झालाय गो." मी मागच्या दारी जाऊन रडले.